घरातली मारहाण आणि आपली संघटना

(तालुका शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी संघटनेच्या बायांच्या गटाने केलेलं भाषण. चौघींनी मिळून तयार केलं, एकीने उभं राहून सांगितलं. ज्या पाड्यांवरून शिबिराला कुणी येऊ शकलं नाही त्यांच्यासाठी पूर्ण देत आहोत. ज्याला वाचता येतं त्याने पाड्यावर सगळ्यांना बसवून वाचून दाखवावं. फक्त बायांना नाही, सगळ्यांना.)

बायांनो, भावांनो, आणि दाराशी उभ्या असलेल्या तरण्या पोरांनो, आत येऊन बसा. हे ऐकायला तुम्हीच जास्त हवे आहात.

काल दिवसभर प्लॉटांवर बोलणं झालं. कुणाचा पंचनामा झाला, कुणाचा राहिला, कुणाकडे दंडाची पावती आहे, कुणाची उंदराने खाल्ली. आपण ही जमीन किती आधीपासून कसतोय हे सरकारला कसं दाखवायचं, त्यावर दोन तास गेले. जायलाच पाहिजेत. संध्याकाळी आम्ही बायांनी आमचा विषय काढला, तेव्हा एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "हा शेवटी घेऊ, वेळ राहिला तर." वेळ राहिला नाही. म्हणून आज सकाळी सगळ्यांच्या आधी आम्ही उभ्या राहिलो. काका रागावू नका. तुम्हाला दुखवायचं नाही, पण विषय आता शेवटी जाणार नाही.

विषय साधा आहे. आपल्या पाड्यांवर नवरे बायांना मारतात. काठीने, लाथेने, कोयत्याच्या मुठीने, चुलीतल्या लाकडाने. सगळेच मारतात असं आम्ही म्हणत नाही. पण मारणाऱ्यांत संघटनेचे सभासद आहेत, मोर्चात पुढे चालणारे आहेत, तुरुंगात गेलेलेही आहेत. हे इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी बोलत नाही एवढंच.

न बोलण्याचं कारण विचारलं की दोन उत्तरं येतात. एक, घरचा मामला आहे. दुसरं, अशा गोष्टी बाहेर काढल्या तर संघटना फुटेल, सावकार आणि फॉरेस्टवाले हसतील.

पहिल्या उत्तराचं बघू. आपल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात एके काळी लग्नगडी होते. आजा-पणजाने सावकाराकडून लग्नासाठी पैसे काढले, त्या पैशापायी नवरा-बायको दोघं त्याचे गडी झाले, आणि जन्मभर फिटलं नाही. सावकार मारायचा, त्याच्या बायकोवर हात टाकायचा. त्या वेळी सावकारही म्हणतच असेल की माझा गडी आहे, माझ्या घरचा मामला आहे, तुम्ही कोण विचारणारे? 1945 साली लाल बावट्याखाली वारल्यांनी वेठ मोडली, लग्नगडी मोडली, तेव्हा हाच मामला घराबाहेर काढला ना? गोदावरी परुळेकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं आहे, कार्यकर्त्यांनी ते वाचलं आहे, शिबिरात त्यातलं सांगतात. मग सावकाराची मार हा सगळ्यांचा प्रश्न, आणि नवऱ्याची मार हा घरचा, असं कसं? अंगावर वळ तसेच उठतात.

दुसऱ्या उत्तराला आम्ही एक गोष्ट सांगतो. ही सांगायची की नाही यावर आमच्यात वाद झाला. कारण यात चूक आमची आहे, आम्हा बायांची पण. शेवटी ठरलं, सांगायची.

तीन पावसाळ्यांमागची गोष्ट. एका पाड्यावरची बाई रात्री आमच्यातल्या एकीच्या घरी आली. पावसात चालत, कडेवर पोर. डावा डोळा सुजून बंद, मनगट वाकडं. नवरा आपला सभासद. ती एवढंच म्हणत होती, "मना घरी नको धाडा." आम्ही तिला ठेवून घेतलं, हळद लावली, झोपवलं. चौथ्या दिवशी पाड्यावर बैठक लावली. नवऱ्याला उभं केलं. तो रडला. दारूच्या नशेत झालं म्हणाला, झेंड्याला हात लावून शपथ घेतली, कागदावर अंगठा दिला. सगळ्यांना फार बरं वाटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. कार्यकर्ते म्हणाले, बघा, पोलीस नाही, वकील नाही, आपल्या समाजाने आपला निवाडा केला. मग तिला विचारलं का, तुला जायचंय का? विचारलं. पण कसं विचारलं? पन्नास माणसांसमोर, नवरा शेजारी उभा, सासू समोर बसलेली. ती खाली बघून "हो" म्हणाली. आम्ही तिला धाडलं.

त्यानंतर कुणी तिच्या घरी गेलं नाही. आवणीचे दिवस होते, मग पुनवेचा मोर्चा, मग फॉरेस्टने गुरं धरली. दोन महिन्यांनी निरोप आला की तिने एंड्रिन प्यायलं. वाडीत तेव्हा फवारणीला यायचं ते. दवाखान्यात नेईपर्यंत गेली. पोलिसांनी अकस्मात मृत्यू लिहिला. पोर आता आजीकडे आहे. नंतर शेजारणींनी सांगितलं, बैठकीत नाव काढलंस, माझी इज्जत घालवलीस म्हणून तो रोज मारत होता. आधी आठवड्याला मारायचा, आपल्या निवाड्यानंतर रोज. शेजारणींना कळत होतं. पण त्यांना वाटलं, संघटनेने मिटवलंय, आता आपण कशाला बोला.

संघटना फुटू नये म्हणून आपण मिटवलं. संघटना फुटली नाही. तो अजून सभासद आहे. बाई गेली.

हे ऐकून कुणाला वाईट वाटत असेल तर वाटू द्या. आम्हाला अजून झोप लागत नाही. पण वाईट वाटून घेऊन थांबायचं नाही म्हणून पुढचं बोलतो.

आधी दारूचं. प्रत्येक वेळी हेच ऐकू येतं, माणूस चांगला आहे, दारू वाईट. दारूने आपली घरं खाल्ली हे खरं आहे. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याच्या भागात श्रमिक संघटनेतल्या भिल्ल बायांनी 1972-73 च्या सुमारास गावोगाव गुत्ते फोडले, मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना सगळ्यांसमोर जाब विचारला. आपल्याकडेही गुत्ते फोडलेत, यापुढेही फोडू. पण एक सांगा. हाच माणूस दारू पिऊन रस्त्याने येतो, वाटेत फॉरेस्टचा गार्ड भेटतो. गार्डाला मारतो का? फौजदाराला? वाडीच्या शेटला? त्यांना राम राम करतो, हात जोडतो, नीट चालतो. घरी आल्यावरच नशा चढते. म्हणजे दारू प्यायलेल्यालाही कुणाला मारायचं आणि कुणाला नाही हे बरोबर कळतं. आणि न पिणारे मारत नाहीत असंही नाही. आम्हाला दोन माहीत आहेत, माळ घातलेले, थेंब घेत नाहीत, आणि बायको दर बाजाराला तोंड झाकून येते. आपल्यात देवाला दारू लागते, लग्नात लागते, बायाही घेतात. घेतलेल्या किती बाया नवऱ्याला काठीने बडवतात? तेव्हा दारूची लढाई वेगळी लढू. मारहाणीचा जबाब दारूने द्यायचा नाही, माणसाने द्यायचा.

शहरातून लोक येतात आणि म्हणतात, तुम्हा आदिवासींत किती छान, हुंडा नाही, बाईला मान आहे, लग्नसुद्धा धवलेरी लावते. यात खरं आहे तेवढं खरं आहे. मुलगी झाली म्हणून आपल्यात कुणी तोंड वाईट करत नाही. पण देज आहे ना? देज घेतला की नवरा म्हणतो, पैसे मोजलेत. आणि बाई मार खाऊन माहेरी आली की बाप भाताच्या कणगीकडे बघतो, कारण काडीमोड झाला तर देज परत मागायला येतील. तो देज कधीच खर्चून गेलेला असतो. लेकीवर माया नाही असं नाही, पण दोन दिवस ठेवतो आणि तिसऱ्या दिवशी स्वतः सोडून येतो, जावयाला बाटली घेऊन. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे, दोन वेळा तर आमच्याच घरात. देज बंद करा असं आज म्हणत नाही, ते एका भाषणाचं काम नाही. एवढंच म्हणतो की मारामुळे बाई घर सोडत असेल तर देज परत मागायचा नाही, आणि कुणी मागितला तर पंचांनी उभं करायचं नाही. हा ठराव आज इथे घ्या.

आता जमिनीवर येतो. तुम्हाला वाटेल बाया जमिनीचा विषय सोडून भलतंच बोलतात. आम्ही जमिनीवरच बोलतोय.

प्लॉट कुणी काढला? झाडोरा तोडला दोघांनी, राब भाजला दोघांनी, दगड वेचून बांध घातला तो बहुतेक बाईने, कारण नवरा तेव्हा गवत कापायला गेलेला. नागली तिने लावली, डुकरं तिने हाकलली. गार्ड आला तेव्हा नवरा रानात पळाला, कारण धरला तर मारतील. दारात उभी राहिली बाई. शिव्या तिने खाल्ल्या, कोंबडी तिची गेली. आणि दंडाची पावती फाडली कुणाच्या नावाने? नवऱ्याच्या. पंचनामा? नवऱ्याच्या. उद्या प्लॉट कायम होईल, सातबाऱ्यावर चढेल, तेव्हा नाव कुणाचं? वीटभट्टीचं तेच. काम जोडीचं, हजार विटांमागे भाव जोडीचा, उचलीवर अंगठा नवऱ्याचा, आणि हिशोबाच्या दिवशी पैसे त्याच्या खिशात.

मग मार खाऊन बाई घराबाहेर पडते तेव्हा ती नुसती नवऱ्याला सोडत नाही. वीस वर्षं कसलेली जमीन सोडते. भाताचं बियाणं, कोंबड्या, रेशनकार्ड सगळं सोडते. ती परत का जाते असं लोक विचारतात. एवढी मारतो तरी जाते, तिलाच आवडत असेल, असं बोलणारेही आहेत. अहो, ती नवऱ्याकडे जात नाही, ती तिच्या नागलीकडे जाते, पोरांकडे जाते. पोटासाठी जाते.

आणि काही वेळा मार जमिनीसाठीच असते. नवरा मेलेली बाई, दोन एकर वरकस, दीर शेजारी. गावात पोर दगावलं, भगताने दाणे बघितले, आणि भुताळी कोण निघाली? तीच. तिला मारून गावाबाहेर काढलं, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या दोन एकरांत नांगर दिराचा. आम्ही भगतांच्या विरुद्ध नाही, तापाला पाला देणारे चांगले भगत आहेत. पण आजवर आपल्या भागात जमीनदार भुताळा निघाल्याचं ऐकलंय का कुणी?

कायद्याचं थोडं सांगतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पोलीस ठाण्यात आपल्याला अडाणी समजून परत लावतात.

1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, तिच्या अंगावर जखमा नाहीत म्हणून, तिची संमती होती म्हणून. त्यावर देशभर बाया रस्त्यावर आल्या. 1983 साली बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षाच्या शेवटी पीनल कोडात कलम 498-अ घातलं गेलं. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी बायकोला क्रूरपणे वागवलं, अंगाने किंवा मनाने, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हा गुन्हा दखलपात्र आहे आणि ठाण्यातून जामीन मिळत नाही. हा कायदा फक्त शहरातल्या हुंड्याच्या केसेससाठी आहे असं जमादार सांगतो. खोटं आहे. आदिवासी बाईलाही तो तेवढाच लागू आहे.

तक्रार मात्र तिने स्वतः किंवा तिच्या नात्यातल्या माणसाने द्यावी लागते. भाऊ, बहीण, आई, बाप, मामा कुणीही. शेजारीण साक्ष देऊ शकते. म्हणून ठाण्यात जाताना भावाला बरोबर घ्या, तो कुरकुर करत असला तरी.

पोलीस बहुधा "एन.सी." लिहून पाठवतात. म्हणजे साधी मारहाण (2024 पर्यंतच्या पीनल कोडात कलम 323), आम्ही काही करू शकत नाही, कोर्टात जा. तेव्हा बघा, हाड मोडलंय का, दात पडलाय का? ती कायद्याने गंभीर दुखापत आहे (2024 पर्यंत कलम 325), त्यात एन.सी. चालत नाही. कोयता, विळा, कुऱ्हाड वापरली असेल तरी चालत नाही (2024 पर्यंत कलम 324). म्हणून आधी सरकारी दवाखान्यात जा, डॉक्टरकडून दाखला घ्या, आणि "पडले" असं सांगू नका. आमच्यातल्या एकीने स्वतः तीन वेळा डॉक्टरला "ओट्यावरून पडले" असं सांगितलेलं आहे, आणि तिच्या घराला ओटाच नाही. फिर्याद नोंदली की तिची नक्कल फुकट मिळते, मागून घ्या. नोंदून घेतच नसतील तर लेखी तक्रार टपालाने जिल्ह्याच्या पोलीस सुपरिंटेंडंटला पाठवा. आणि साक्षीसाठी, चौकशीसाठी बाईला ठाण्यावर बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या राहत्या घरी यायचं असतं. हे फौजदारी कायद्यात लिहिलेलं आहे.

पोटगीसाठी 2024 पर्यंत कलम 125 होतं. नवरा पोसत नसेल, किंवा त्याने दुसरी आणली म्हणून ती वेगळी राहत असेल, तरी पोटगी मागता येते. ती आता राहते त्या जिल्ह्यातल्या कोर्टातही अर्ज करता येतो. पूर्वी जास्तीत जास्त महिना 500 रुपयेच मिळायचे. हो, पाचशे, आणि तेही मॅजिस्ट्रेटने पूर्ण दिले तरच. त्यात घर चालायचं नाही, पण तो कागद हातात असला की नवरा जरा वचकतो.

इथे आपल्या समाजाची एक अडचण आहे. आपल्याकडे पैशाअभावी पुष्कळ जोडपी लग्न न लावता नांदतात. चौक लिहिला नाही, धवलेरी आली नाही, पोरं मोठी झाल्यावर कधीतरी लग्न लागतं, काहींचं लागतच नाही. पाड्यावर सगळे तिला बायकोच म्हणतात. पण कोर्टात नवऱ्याचा वकील उठून म्हणतो, ही त्याची बायकोच नाही. तेव्हा कागद जपा. रेशनकार्ड, मतदारयादी, शाळेतलं पोरांच्या बापाचं नाव. लग्न झालं असेल तर कुठली धवलेरी होती, पंच कोण होते ते लक्षात ठेवा. आणि बायकोचं सिद्ध झालं नाही तरी पोरांची पोटगी बुडत नाही, लग्नाबाहेरच्या पोरांनाही ती मिळते.

एका ठिकाणी मात्र कायदा आपल्याला सोडून जातो. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाहीत, सरकारने वेगळं जाहीर केल्याशिवाय. आपण वेगळे आहोत, आपल्या रूढी आहेत, ते ठीकच आहे. पण त्यामुळे दुसरी बायको आणली म्हणून त्याला धरणं फार अवघड जातं, आणि जमिनीत बाईचा हिस्सा किती हे रूढीवर राहतं. आणि रूढी काय ते कोण सांगतं? पंच. पंचांत बाई कुठे बसते? चहा देते तिथे.

रूढी आपली आहे ना, मग आपण ती नीट करू. फॉरेस्टशी भांडताना आपण म्हणतो, कागद नसला तरी कसणाऱ्याची जमीन. तेच घरात लावा. कसणारी तीही आहे.

आता मार खाल्लेली बाई दारात आली तर काय करायचं, ते. त्या एका मरणातून जे शिकलो ते सांगतो.

आली की आधी आत घ्या. "तू काय केलंस?" हा प्रश्न विचारायचा नाही. भाजी खारट झाली होती का, उलट बोललीस का, काही नाही. पाणी, भाकर, अंथरूण. ती बोलेल तेव्हा बोलेल. आमच्याकडे एक बाई सहा दिवस एक शब्द बोलली नाही, नुसती तांदूळ निवडत बसायची. सातव्या दिवशी बोलली ती थांबेना.

त्या रात्री परत धाडायचं नाही. नवरा दारात आला तर दोन माणसं बाहेर बसवा. इथे भावांचं काम आहे, आणि सगळंच बायांवर टाकू नका. बायका बोलल्या तर भांडण होतं, त्याच्या बरोबरीचा गडी बोलला तर ऐकतो, हे आम्ही पाहिलंय.

तिला काय हवंय ते एकटीला विचारा, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा विचारा. काहींना काडीमोड हवा असतो. काहींना परत जायचं असतं पण मार थांबायला हवी असते. काहींना काय हवं ते अजून कळलेलं नसतं, तेही चालतं. आमचं म्हणणं तिच्या तोंडात घालायचं नाही, संघटनेचंही नाही. बैठक लावायची तर तिची इच्छा असेल तरच. बैठकीत तिच्याजवळ दोन बाया बसल्या पाहिजेत, आणि नवरा समोर, शेजारी नाही.

ती परत गेली तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी जा. आठव्या दिवशी जा. महिनाभराने जा. काम काढून जा, मीठ मागायला जा, पण जा, आणि तिचं तोंड बघा, हात बघा. आवणी असली तरी. मोर्चा असला तरी.

आणि गुत्त्यावर, बाजारात तिची गोष्ट सांगत फिरू नका. ती कुठल्या घरी आहे हे नवऱ्याला अशाच गप्पांतून कळतं.

रात्री ओरडणं ऐकू आलं तर काय? दोन पाड्यांनी आपल्या आपण एक पद्धत काढली आहे. ज्या बाईला आधी ऐकू येतं ती थाळी वाजवते. मग दुसऱ्या घरची थाळी, मग तिसऱ्या. बाया कंदील घेऊन त्या दारात जाऊन उभ्या राहतात. शिवी नाही, मारहाण नाही, नुसत्या उभ्या राहतात. पहिल्या वेळी त्या नवऱ्याने दगड मारले. दुसऱ्या वेळी दार लावून घेतलं. तिसरी वेळ अजून आलेली नाही. सगळीकडे असंच होईल असं सांगता येत नाही. एका पाड्यावर चारच घरं आहेत आणि चारही एका भावकीची, तिथे थाळी कोण वाजवणार? तिथल्या बाईसाठी जवळच्या पाड्यावर घर ठरवायला लागेल. ते अजून आम्हाला जमलेलं नाही.

पहिलं आम्ही फार करत होतो ते, तोंडाला काळं फासणं, गाढवावर बसवणं, याचं एक सांगतो. राग येतो तेव्हा बरं वाटतं. पण तो राग तो रात्री तिच्यावर काढतो, आणि आम्ही आपापल्या घरी झोपलेल्या असतो. ती त्याच्याबरोबर राहणार नसेल तर एक वेळ गोष्ट वेगळी. राहणार असेल तर आधी तिची रात्र कशी जाईल ते बघा.

ठराव मांडतो. पहिला देजचा, तो मघाशी सांगितला. दुसरा, संघटनेच्या प्लॉट-वहीत यापुढे नवरा-बायको दोघांची नावं लिहायची. सरकार लिहील तेव्हा लिहील, आपली वही आपल्या हातात आहे. तिसरा, मारहाणीमुळे बाई वेगळी राहत असेल तर त्या प्लॉटावरचं निम्मं पीक तिला, आणि ते खळ्यावरच मोजून द्यायचं, घरी नेल्यावर नाही. चौथा, ज्याच्यावर मारहाणीची तक्रार खरी ठरली तो संघटनेचा पदाधिकारी राहणार नाही, तुरुंगात कितीही वेळा गेलेला असो. पाचवा, प्रत्येक पाड्यावर एक घर ठरवायचं, जिथे रात्री केव्हाही बाई येऊ शकेल. त्या घराला संघटनेच्या धान्यातून वर्षाला दोन मण भात.

चौथ्या ठरावावर काल रात्री चुलीपाशी कुजबूज झाली ती आमच्या कानावर आली. म्हणतात, असं केलं तर पदाधिकारी उरणार कोण? खरंच तसं असेल तर बायांना करा. आम्ही बसलोय.

शेवटचं. इथे एक बाई आली आहे. तिचं नाव आम्ही घेत नाही, तिला ओळखणारे ओळखतात. प्लॉटाच्या लढ्यात ती कडेवर पोर घेऊन अकरा दिवस तुरुंगात होती. नवऱ्याने गेल्या होळीला दुसरी आणली आणि हिला मारून काढलं. आता भावाकडे आहे. नवरा म्हणतो प्लॉट माझा, पावत्या माझ्या नावाच्या. तिच्या हाताने घातलेला बांध अजून तिथे आहे, जाऊन बघा. तिसरा ठराव पास झाला तर पहिला हिस्सा तिचा मोजायचा, आणि नागलीची कापणी पंधरा दिवसांवर आलीय. खळ्यावर कोण कोण येणार ते आजच हात वर करून सांगा.

बुधवारी तिची पोटगीची तारीख आहे. मागच्या तारखेला ती आणि आम्ही दोघीच होतो, त्याच्याकडून चौदा माणसं आलेली. या वेळी प्रत्येक पाड्यावरून निदान दोन बाया हव्यात, आणि गडीमाणसं आली तर फार बरं. सकाळी सातची एस.टी. आहे, नंतरची कोर्ट उठल्यावर पोचते. भाकरी बांधून आणा, कारण तारीख दुपारनंतरच पुकारतात. साक्षीला पंच लागणार आहेत. तिच्या लग्नात धवलेरी कोण होती हे ज्याला आठवत असेल त्याने आता जेवायच्या सुट्टीत आम्हाला येऊन सांगा. आम्ही आंब्याखाली बसतोय.